प्रगत स्तनकर्करोग आणि औषधांचे वेळापत्रक : मात्रा, विश्रांती व फेरबदल यांचे स्वरूप

महत्त्वाच्या संज्ञा : प्रगत स्तनकर्करोग, औषधाची मात्रा, उपचारचक्र, दुष्परिणाम, रुग्ण-डॉक्टर संवाद

प्रस्तावना :

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या 'ग्लोबोकॅन' या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात स्तनकर्करोगाच्या १,९२,०२० नव्या रुग्णांची नोंद झाली आणि ९८,३३७ रुग्ण या रोगाने मृत्युमुखी पडले. या दोन आकड्यांच्या मधोमध एक मोठा वर्ग आहे, ज्याच्याविषयी आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही. ज्यांचा रोग हाडे, यकृत, फुफ्फुस किंवा मेंदू यांपैकी कोठेतरी पोहोचला आहे, तो समूळ नाहीसा होणार नाही हे ज्यांना ठाऊक आहे आणि तरीही ज्या घर सांभाळतात, नोकरी करतात, तास घेतात, अशा स्त्रियांचा हा वर्ग होय. त्यांच्या दृष्टीने कर्करोग म्हणजे शस्त्रक्रिया आणि सहा केमो एवढ्यावर संपणारी घटना नसते. तो रोज सकाळी डबीतून काढावयाच्या गोळीचा प्रश्न असतो आणि हा प्रश्न महिनोन्‌महिने, अनेकदा वर्षानुवर्षे, चालतो.

गोळीच्या पाकिटावर मात्रा छापलेली असते, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिवस लिहिलेले असतात. सर्वसामान्य समज असा की, हे आकडे अचल आहेत; त्यात कपात झाली तर रोग बळावेल. या समजापोटी काही स्त्रिया सोसवत नसतानाही पूर्ण मात्रा घेत राहतात, तर काहीजणी कोणालाही न सांगता गोळ्या कमी करतात. या दोन्ही वर्तनांमागे एकच अज्ञान आहे असे प्रस्तुत लेखिकेला वाटते. ते म्हणजे औषधाचे वेळापत्रक कसे ठरते आणि ते कोणत्या मर्यादेत बदलता येते, याविषयीचे. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे स्पष्टीकरण करण्याचा प्रयत्न केला आहे. लेखिका वैद्यकशास्त्राची पदवीधर नाही. त्यामुळे पुढील विवेचन म्हणजे वैद्यकीय सल्ला नव्हे, हे प्रारंभीच नमूद करणे आवश्यक आहे.

मात्रा कशी ठरते ?

नव्या कर्करोगविरोधी औषधाची पहिली मानवी चाचणी ही बहुधा काही मोजक्या रुग्णांवर होते. तीन-तीन रुग्णांच्या गटांना क्रमाक्रमाने वाढती मात्रा दिली जाते. दुष्परिणाम असह्य ठरू लागले की थांबावयाचे आणि त्याच्या एक पायरी खालची मात्रा पुढील चाचण्यांसाठी निश्चित करावयाची, अशी ही पद्धत. तिला 'सहन होऊ शकणारी कमाल मात्रा' म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील केमोथेरपीच्या दृष्टीने ही पद्धत तर्काला धरून होती. त्या औषधांच्या बाबतीत मात्रा जितकी अधिक, तितक्या अधिक पेशी मरतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले होते.

तथापि या पद्धतीत एक गोम आहे. सहनशीलतेचे हे मोजमाप बहुधा उपचाराच्या पहिल्या चक्रातच, म्हणजे पहिल्या तीन-चार आठवड्यांत केले जाते. जुन्या केमोथेरपीला ते पुरेसे होते, कारण ती सहा-आठ चक्रांत संपत असे. आजच्या गोळ्यांचे तसे नाही. उदाहरणार्थ, पॅल्बोसिक्लिब हे औषध लेट्रोझोलसोबत दिले असता रोग आटोक्यात राहण्याचा मध्यम काळ २४.८ महिने, तर केवळ लेट्रोझोल दिल्यास १४.५ महिने असल्याचे 'पालोमा-२' या चाचणीत दिसून आले (२०१६). म्हणजे जी मात्रा सुमारे एका महिन्याच्या अनुभवावर ठरली, ती दोन वर्षे आणि त्याहून अधिक काळ रोज घ्यावयाची. महिनाभर सोसवणारा अतिसार आणि दोन वर्षे सोसावयाचा अतिसार या निराळ्या गोष्टी आहेत, हे सांगण्यास वैद्यकीय पदवी लागत नाही.

'अधिक ते अधिक गुणकारी' या श्रद्धेचे टोक १९९० च्या दशकात गाठले गेले. प्रगत स्तनकर्करोगाच्या स्त्रियांना अतिशय तीव्र केमोथेरपी देऊन त्यांच्याच अस्थिमज्जेतील किंवा रक्तातील मूळपेशी परत सोडण्याचा उपचार तेव्हा मोठ्या आशेने केला गेला. या उपचाराच्या बाजूने दक्षिण आफ्रिकेतील वर्नर बेझवोडा यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेला शोधनिबंध पुढे अविश्वसनीय ठरून २००१ मध्ये मागे घेण्यात आला. दरम्यान २००० मध्ये अमेरिकेतील एका यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात सामान्य मात्रेच्या तुलनेत तीव्र मात्रेने आयुष्य वाढत नसल्याचे स्पष्ट झाले. संशोधनातील अप्रामाणिकपणाची किंमत कोण मोजते, हा प्रश्न आपल्या क्षेत्रातही विचारला जावा. परंतु तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये 'प्रोजेक्ट ऑप्टिमस' नावाचा उपक्रम सुरू केला. कमाल मात्रेऐवजी गुण आणि त्रास यांचा मेळ घालणारी मात्रा औषध बाजारात येण्यापूर्वीच शोधावी, असा त्याचा आग्रह आहे. याचा लाभ प्रामुख्याने पुढील औषधांना होईल. आज उपलब्ध असलेल्या बहुतेक औषधांच्या बाबतीत योग्य मात्रेचा शोध प्रत्यक्ष रुग्णाच्या उपचारातच घ्यावा लागतो.

एकवीस गोळ्या, सात दिवसांची सुटी :

ज्या स्तनकर्करोगाच्या पेशींवर स्त्री-संप्रेरकांचे ग्राहक असतात आणि हर-२ हे प्रथिन वाढलेले नसते, त्या प्रकारात संप्रेरकविरोधी गोळीसोबत तीन औषधांपैकी एक दिले जाते. पॅल्बोसिक्लिब, रिबोसिक्लिब आणि अबेमासिक्लिब ही ती औषधे होत. ती पेशीला विभाजनाच्या उंबरठ्यावर रोखून धरतात. पॅल्बोसिक्लिब १२५ मिलिग्रॅम रोज एकदा, २१ दिवस घ्यावयाचे व ७ दिवस थांबावयाचे. रिबोसिक्लिब ६०० मिलिग्रॅम याच पद्धतीने. अबेमासिक्लिब मात्र सुटीविना, दिवसातून दोनदा १५० मिलिग्रॅम. सुटीच्या सात दिवसांतही लेट्रोझोलसारखी संप्रेरकविरोधी गोळी थांबवावयाची नसते. 'सुटी' या शब्दाने येथे अनेकांचा गोंधळ होतो आणि दोन्ही गोळ्या बंद ठेवल्या जातात.

ही सात दिवसांची सुटी कशासाठी ? कर्करोगाच्या पेशी रोखणारे हे औषध अस्थिमज्जेतील निरोगी पेशींनाही रोखते. त्यामुळे संसर्गाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या घटते. रुग्णांच्या भाषेत 'काउंट उतरतात'. जुन्या केमोथेरपीत मज्जेतील पेशी मरत. येथे त्या बहुतांशी थांबून राहतात आणि औषध बंद होताच पुन्हा कामाला लागतात. म्हणून आठवडाभराची विश्रांती बहुधा पुरते. याच कारणाने, काउंट बरेच उतरूनही संसर्गासह ताप येण्याचे प्रमाण या औषधांत कमी आढळते.

पॅल्बोसिक्लिबच्या माहितीपत्रकातील नियम पाहिले असता फेरबदल हा वेळापत्रकाचाच भाग असल्याचे दिसून येते. पहिल्या दोन चक्रांत पहिल्या व पंधराव्या दिवशी, त्यानंतर प्रत्येक चक्राच्या आरंभी रक्ततपासणी करावयाची. चक्राच्या आरंभी न्यूट्रोफिलची संख्या प्रति घन मिलिमीटर १००० पेक्षा कमी असेल तर गोळी सुरू न करता आठवडाभराने पुन्हा तपासणी करावयाची. संख्या सावरल्यास त्याच मात्रेने चक्र सुरू होते. म्हणजे पहिला उपाय दिवस वाढविण्याचा, मात्रा उतरविण्याचा नव्हे. संख्या ५०० च्या खाली गेली, अथवा ती कमी असताना ताप आला, तर औषध थांबवून नंतर खालच्या पायरीवर यावयाचे. पायऱ्या निश्चित आहेत : १२५, मग १००, मग ७५. रिबोसिक्लिबच्या पायऱ्या ६००, ४०० व २०० अशा असून तेथे रक्ताबरोबरच हृदयाचा आलेखही पाहावा लागतो, कारण हे औषध हृदयाच्या विद्युत्‌लयीवर परिणाम करू शकते.

पालोमा-२ चाचणीत पॅल्बोसिक्लिब घेणाऱ्या सुमारे ३६ टक्के स्त्रियांची मात्रा दुष्परिणामांमुळे कमी करावी लागली होती. ज्या चाचणीच्या आधारे हे औषध नावारूपाला आले, तिच्यातच तीनपैकी एकीहून अधिक स्त्रिया पाकिटावरच्या मूळ मात्रेवर राहिल्या नाहीत. 'माझी मात्रा कमी केली म्हणजे माझ्यावरचा उपचार सैल झाला' असे मानणाऱ्या रुग्णाला ही वस्तुस्थिती कोणीतरी सांगावयास हवी. 'पालोमा-३' चाचणीच्या विश्लेषणातही मात्रा घटविल्याने रोगनियंत्रणाचा काळ घटल्याचे आढळले नाही. अर्थात अशा विश्लेषणाकडे सावधपणे पाहावे लागते. जी स्त्री दीर्घकाळ औषधावर टिकते, तिलाच मात्रा कमी होण्याची संधी अधिक मिळते. त्यामुळे तुलना पूर्णतः निर्दोष राहत नाही.

पाच दिवस गोळी व दोन दिवस सुटी, अशी आठवड्याची मांडणीही अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासून पाहिली आहे. काउंट तीव्रतेने उतरण्याचे प्रमाण त्यात कमी आढळले. मात्र ती छोटी व तुलनात्मक गट नसलेली चाचणी होती. तिच्या बळावर कोणी आपल्या मनाने शनिवार-रविवार सोडू नयेत.

कॅपेसिटाबिन : चौदा-सात की सात-सात ?

वेळापत्रक बदलण्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण कॅपेसिटाबिनचे आहे. ही तोंडाने घ्यावयाची केमोथेरपी. शरीराच्या पृष्ठफळाच्या प्रत्येक चौरस मीटरला १२५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १४ दिवस आणि मग ७ दिवस विश्रांती, ही तिची छापील मात्रा. प्रत्यक्षात अनेक डॉक्टर आरंभच याहून कमी मात्रेने करतात. कारण तळहात आणि तळपाय लाल होणे, सोलवटणे, त्यांना भेगा पडणे हा तिचा ठळक दुष्परिणाम. खडू धरता येत नाही, भाकरी थापता येत नाही, चपलेत पाय घालवत नाही. रोगाने जे नेले नाही ते औषध नेते, अशी स्थिती होते.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग येथील संशोधकांनी गणिती प्रतिमानाच्या साहाय्याने असा तर्क मांडला की, या औषधाचा गाठीवरचा जास्तीत जास्त परिणाम पहिल्या आठवड्याच्या सुमारास होऊन जातो. दुसरा आठवडा त्रासात भर घालतो. त्यावरून ७ दिवस औषध व ७ दिवस विश्रांती ही मांडणी पुढे आली. २००८ मध्ये तिची प्राथमिक चाचणी प्रसिद्ध झाली. पुढे 'एक्स-७/७' या यादृच्छिक चाचणीत १५३ स्त्रियांमध्ये ही मांडणी, तीही सर्वांना सरसकट १५०० मिलिग्रॅम दोनदा या ठरीव मात्रेत, छापील वेळापत्रकाशी ताडून पाहण्यात आली. २०२३ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार रोगनियंत्रण व आयुर्मान यांत लक्षणीय फरक आढळला नाही. हातापायांचा त्रास व अतिसार मात्र सात-सातच्या गटात बराच कमी होता. गणिताच्या सहकाऱ्यांना हे उदाहरण वर्गात सांगण्याजोगे वाटेल.

याच त्रासावर दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी एक साधा उपाय तपासला. सांधेदुखीसाठी घरोघरी वापरले जाणारे डायक्लोफेनॅकचे १ टक्का मलम कॅपेसिटाबिन घेणाऱ्यांच्या हातांना लावले असता मध्यम ते तीव्र त्रासाचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर आले (२०२४). त्रास आटोक्यात राहिला तर मात्रा तोडण्याची वेळच येत नाही, हा मुद्दा येथे महत्त्वाचा.

कॅपेसिटाबिनबाबत आणखी एक नियम रुग्णाला तोंडपाठ असावा. नेहमीपेक्षा चार ते सहा वेळा अधिक जुलाब होऊ लागले, रात्री उठावे लागले, वा तोंडातील फोडांमुळे खाणे अवघड झाले, तर पुढील भेटीची वाट न पाहता गोळी थांबवून दवाखान्याला कळवावयाचे. येथे थांबणे हेच आज्ञापालन आहे. थांबलेल्या दिवसांच्या गोळ्या मागाहून 'भरून' काढावयाच्या नसतात. पॅल्बोसिक्लिबची गोळी विसरली किंवा घेताच उलटी झाली तरीही हेच तत्त्व लागू होते. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी एकच गोळी. बुडालेल्या तासांप्रमाणे जादा तास घेऊन अभ्यासक्रम पूर्ण करण्याची सवय असलेल्या आपल्या व्यवसायाला हे थोडे अवघड जाते !

सलाईन, इंजेक्शन व वेदनाशामके :

रोग हाडांत पोहोचला असता झोलेड्रॉनिक ॲसिड शिरेतून दिले जाते. पूर्वी ते दर चार आठवड्यांनी देण्याचा प्रघात होता. १,८२२ रुग्णांच्या एका अमेरिकी चाचणीत (२०१७) ते दर बारा आठवड्यांनी देऊनही दोन वर्षांत हाड मोडण्यासारख्या घटनांचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले. चार आठवड्यांच्या गटात २९.५ टक्के, तर बारा आठवड्यांच्या गटात २८.६ टक्के. नंदुरबार किंवा गडचिरोलीहून मोठ्या शहरातील रुग्णालयात येणाऱ्या स्त्रीसाठी या एका फेरबदलाचा अर्थ वर्षाला तेराऐवजी चार-पाच फेऱ्या असा होतो.

वेदनाशामकांचा न्याय मात्र उलटा आहे. तेथे ढिलाई नको. दुखू लागल्यावर गोळी, ही पद्धत टिकणाऱ्या वेदनेला चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ पासून 'घड्याळाप्रमाणे' औषध देण्याचे तत्त्व सांगितले आहे. मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी द्यावी लागते. रात्री दोन वाजता रुग्णाला उठवावे लागू नये म्हणून झोपतेवेळी दुप्पट मात्रा देण्याची रीत आहे. अधूनमधून उसळणाऱ्या वेदनेसाठी जादा गोळी व बद्धकोष्ठतेसाठी रेचक हेही सोबतच लिहिलेले असते. मेंदूतील सूज उतरविण्यासाठी दिली जाणारी डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइड झोप उडवतात, म्हणून ती शक्यतो सकाळी, खाण्यानंतर घ्यावयाची. आणि ती एकाएकी बंद करावयाची नसतात.

कमी मात्रेची मर्यादा :

आतापर्यंतच्या विवेचनावरून कमी मात्रा सदैव पुरेशी असते असा ग्रह होऊ नये. फुल्व्हेस्ट्रँट हे संप्रेरकविरोधी इंजेक्शन पूर्वी २५० मिलिग्रॅम दिले जाई. 'कन्फर्म' या चाचणीत (२०१०) ५०० मिलिग्रॅमची मात्रा अधिक गुणकारी ठरली आणि तीच रूढ झाली. पॅक्लिटॅक्सेलच्या बाबतीत तीन आठवड्यांनी एकदा देण्यापेक्षा दर आठवड्याला देणे प्रगत रोगात सरस ठरले (२००८). रिबोसिक्लिब आरंभापासूनच ६०० ऐवजी ४०० मिलिग्रॅम द्यावे काय, हे पाहणाऱ्या 'अमाली' चाचणीत गाठ आकसण्याचे प्रमाण अनुक्रमे ५६.१ व ४८.९ टक्के आले. त्रास कमी झाला, परंतु कमी मात्रा तितकीच प्रभावी असल्याचे सिद्ध करता आले नाही. म्हणून प्रगत रोगात आरंभ पूर्ण मात्रेने करून गरजेनुसार उतरणे, ही रीत तेथे कायम राहिली.

तसेच रोग प्रगत नसताना, शस्त्रक्रियेनंतर तो परतू नये म्हणून केमोथेरपी दिली जाते तेव्हा न्याय निराळा असतो. इटलीतील बोनादोन्ना यांच्या वीस वर्षांच्या पाठपुराव्यात (१९९५) ठरलेल्या मात्रेच्या किमान ८५ टक्के औषध मिळालेल्या स्त्रियांना सर्वाधिक लाभ झाल्याचे दिसले. तेथे उद्दिष्ट रोगमुक्तीचे असते, म्हणून काही महिन्यांचा त्रास सोसणे समर्थनीय ठरते. प्रगत रोगात उद्दिष्ट दीर्घकाळ व नीट जगण्याचे असल्यामुळे तडजोडीला अधिक जागा मिळते. शेजारणीच्या उपचारावरून स्वतःचा उपचार ताडून पाहू नये, तो या कारणाने.

ताट, उपवास व इतर औषधे :

वेळापत्रकाचा आहाराशी थेट संबंध असतो. कॅपेसिटाबिन जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, सकाळ-संध्याकाळ सुमारे बारा तासांच्या अंतराने घ्यावयाचे. पॅल्बोसिक्लिबची कॅप्सूल अन्नासोबत घ्यावी लागते. त्याच औषधाच्या टॅबलेटला हे बंधन नाही. एकादशीच्या फराळाने अडचण येत नाही, कारण औषधाच्या दृष्टीने साबुदाण्याची खिचडी हेही अन्नच. हरितालिकेचा निर्जळी उपवास मात्र अडचणीचा, आणि जुलाब होत असताना धोक्याचाही. रमजानच्या रोजात दोनदा घ्यावयाच्या गोळ्या सहरी व इफ्तार यांच्याशी जुळविता येतील का, हे डॉक्टरांना आधीच विचारावयास हवे. उपवास सोडावयाचा की औषध, असा पेच रुग्णाने एकटीने सोडवू नये. पुष्कळदा सात दिवसांच्या सुटीत व्रत बसविता येते.

ग्रेपफ्रूट हे फळ वरील तिन्ही रोधक औषधांसोबत वर्ज्य आहे. ते आतड्यातील औषध मोडणाऱ्या विकराला अडवते आणि रक्तातील औषधाची पातळी वाढते. आपल्याकडे ते फारसे मिळत नाही. परंतु गणपतीच्या दिवसांत कोकण-गोव्याच्या बाजारात येणारे पपनस त्याच कुळातले असून त्यातही तशीच द्रव्ये असतात. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन व फेपऱ्यावरील फेनिटॉइन यांचा परिणाम उलट दिशेने होतो. ती औषध इतक्या वेगाने मोडतात की गोळी घेऊनही न घेतल्यासारखे होते. क्षयरोग आपल्याकडे दुर्मीळ नाही, म्हणून हा मुद्दा पाश्चात्त्य पुस्तकांपेक्षा येथे अधिक ठळकपणे सांगावयास हवा. अशक्तपणासाठी दुकानातून आणलेल्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या कॅपेसिटाबिनचा त्रास वाढवू शकतात. टॉनिक आणि काढे यांची नोंद केसपेपरवर नसते, आणि डॉक्टरही त्यांविषयी क्वचितच विचारतात.

न सांगितलेले फेरबदल :

आतापर्यंत ज्यांचे वर्णन केले ते सर्व फेरबदल डॉक्टरांच्या नोंदीत असतात. ज्यांची नोंद होत नाही ते फेरबदल खरे चिंतेचे होत. गोळ्या महाग, म्हणून एक दिवसाआड घेतल्या जातात. मुलीचे लग्न तोंडावर आहे, म्हणून महिनाभर थांबले जाते. हात सोलले, म्हणून चारऐवजी दोन. पुढच्या भेटीत 'गोळ्या नीट घेता ना ?' असे विचारले जाते आणि 'हो' असे उत्तर येते. रांगेत मागे पन्नास रुग्ण असतात. दोघांनाही वेळ नसतो. त्यानंतर स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसते. डॉक्टर हातातील कागदावरून असा निष्कर्ष काढतात की, हे औषध आता लागू पडत नाही. ते औषध कायमचे बाद होते आणि पुढचे, बहुधा अधिक त्रासाचे, सुरू होते. प्रगत स्तनकर्करोगात औषधांची यादी अमर्याद नसते. एका 'हो'पायी त्या यादीतील एक औषध अकारण खर्ची पडते. मात्रा दोन पायऱ्यांनी उतरवूनही जेवढी हानी झाली नसती तेवढी या मौनाने होते.

हे मौन केवळ रुग्णाचे नाही. 'मला त्रास होतो' असे म्हटले तर उपचार काढून घेतील ही भीती, तक्रार करणारी बाई ठरण्याचा संकोच, सोबत आलेल्या मुलासमोर किंवा पतीसमोर जुलाबांविषयी बोलण्याची लाज, या गोष्टी आपल्या कुटुंबव्यवस्थेतून येतात. अमेरिकेतील प्रगत स्तनकर्करोगाच्या रुग्णांनीच २०१९ मध्ये रुग्णकेंद्री मात्रेसाठी एक चळवळ उभी केली. तिच्या सर्वेक्षणात सहभागी झालेल्या १,२२१ रुग्णांपैकी ८६ टक्क्यांनी लक्षणीय दुष्परिणाम सांगितले. ज्यांची मात्रा कमी झाली त्यांपैकी सुमारे ८३ टक्क्यांना त्यानंतर बरे वाटले आणि ९२ टक्के रुग्ण मात्रेविषयी डॉक्टरांशी चर्चा करण्यास तयार होते. हे स्वेच्छेने भाग घेणारे व बोलते रुग्ण होते, हे लक्षात घेऊनही त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न टाळता येत नाही.

पैशाच्या कारणाने होणारी कपात ही तर मुळीच लपविण्याजोगी गोष्ट नाही. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने २०१९ मध्ये ४२ कर्करोगविरोधी औषधांच्या विक्रीतील नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा घातली. जानेवारी २०२३ मध्ये पॅल्बोसिक्लिबचे भारतातील एकस्व संपले व अनेक भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. डॉक्टरांना अडचण कळली तर ते पर्यायी कंपनी, वेगळे औषध किंवा रुग्णालयातील समाजसेवा विभाग यांचा मार्ग दाखवू शकतात. एक दिवसाआड गोळी हा यांपैकी कशालाही पर्याय नाही.

एका गोष्टीत मात्र वाट पाहणे वा स्वतः उपाय करणे अजिबात नको. उपचार चालू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला तर तापाची गोळी घेऊन झोपी न जाता त्याच वेळी रुग्णालय गाठावयाचे. काउंट उतरलेले असताना रात्र उलटण्याइतकाही अवधी मिळेलच असे नाही.

महाविद्यालयाचे वेळापत्रक :

आपल्या वाचकांपैकी काहींच्या विभागात अशी एखादी सहकारी असेल, किंवा उद्या असेल. तिला सलग सहा महिन्यांची रजा बहुधा नको असते. तिला हवी असते ती महिन्यातून एक-दोन दिवसांची, आधी कळणारी, पण कधीकधी आठवडाभराने सरकणारी सवड. आपले रजेचे नियम आजारी पडून बरे होणाऱ्यासाठी रचलेले आहेत. परिवर्तित रजेला वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि रुजू होताना तंदुरुस्तीचा दाखला मागितला जातो. बरी न होता काम करीत राहणारी व्यक्ती या चौकटीत बसत नाही. तासिका तत्त्वावरील प्राध्यापिकेचा प्रश्न याहून बिकट आहे. तिला तासागणिक मानधन मिळते. म्हणजे काउंट उतरल्यामुळे वाढलेला आठवडा तिच्या उत्पन्नातून वजा होतो. गोळी लपून कमी करण्याची सुरुवात पुष्कळदा येथून होते आणि त्या निर्णयात आपल्या कार्यालयाचाही वाटा असतो.

यातील काही भाग केवळ नियोजनाने सुटण्यासारखा आहे. पॅल्बोसिक्लिब व रिबोसिक्लिबचे चक्र २८ दिवसांचे, कॅपेसिटाबिनचे २१ किंवा १४ दिवसांचे. तिन्ही संख्यांना सातने पूर्ण भाग जातो. म्हणून पहिली गोळी ज्या वारी सुरू होते त्याच वारी प्रत्येक चक्र सुरू होते. काउंट उतरले आणि आठवडाभर थांबावे लागले, तरी वार बदलत नाही. रुग्णालयाची ओपीडी मंगळवारी असेल तर रक्त सोमवारी सकाळी देता येते, अहवाल संध्याकाळपर्यंत मिळतो आणि मंगळवारी फाईल दाखवून त्याच दिवशी गोळी सुरू करता येते. सत्राच्या आरंभी विभागाचे वेळापत्रक लावताना त्या सहकारीचे मंगळवारचे तास सकाळऐवजी अन्य वारी ठेवावयाचे, आणि परीक्षा-निरीक्षणाची तिची पाळी सुटीच्या आठवड्यात येईल असे पाहावयाचे. चक्राची पहिली सुरुवात तीन-चार दिवसांनी पुढे ढकलून तिला सोयीचा वार गाठता येईल का, हे विचारण्याची वेळ मात्र पहिली गोळी घेण्यापूर्वीची. त्या प्रश्नाला डॉक्टर सहसा नाही म्हणत नाहीत.